मागची सीट

"फॅमिलीत माणसं किती, साहेब?" यादवने विचारलं, आणि किशोर म्हणाला, "पाच-सहा."

मी तेव्हा शोरूमच्या काचेशी उभी होते. हातात त्यांनीच दिलेला सरबताचा कागदी ग्लास होता आणि बाहेर आग्रा रोडवरून ट्रक गेला की काच हलकी थरथरत होती. पाच-सहा हे ऐकलं आणि मी ग्लास ओठांपासून खाली घेतला. भजी पाच-सहा आणतात. पाहुणे पाच-सहा येतात. स्वतःच्या घरातली माणसं कुणी अशी अंदाजपंचे सांगतं का? ती पाच असतात, नाहीतर सहा असतात. पण ज्या माणसाने स्वतःच्या लग्नात पागोटं कोणत्या रंगाचं घालू हे मांडवात शिरेपर्यंत चौघांना विचारलं होतं, त्याच्याकडून नेमका आकडा मागणं हा यादवचाच गाढवपणा होता. यादव म्हणजे शोरूमचा सेल्समन. भर भाद्रपदातल्या उकाड्यात गळ्यात टाय, टायवर सकाळच्या मिसळीचा एक तांबडा थेंब, आणि जिभेवर अर्धं मराठी, अर्धं हिंदी, उरलेलं इंग्रजी. त्याने ते 'पाच-सहा' असं काही मान डोलावून ऐकलं की जणू किशोरने फार विचाराची गोष्ट सांगितली होती.

घरात आम्ही पाच जण. मी, किशोर, नववीतली मनाली, सहावीतला अमित आणि माझ्या सासूबाई, आक्काबाई. सहावी म्हणजे माझी आई. ती येणार की नाही हे ठरलं नव्हतं, आणि ठरवायचं कुणी यावरून गेला महिनाभर घरात चाललं होतं. म्हणजे चाललं काहीच नव्हतं. आई पेठ गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात, आमच्या पाड्यावर असते. यंदा भाताच्या लावणीत बांधावरून घसरली, मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. आता काठी धरून चुलीपासून दारापर्यंत जाते, विहिरीपर्यंत नाही. माझा भाऊ बहिरू तिच्याजवळ असतो, पण पाऊस सरला आणि द्राक्षांची छाटणी लागली की तो बायकापोरांना घेऊन दिंडोरीला बागेवर राहायला जातो तो थेट उन्हाळ्यात परततो. त्याने पेठच्या टेलिफोन बूथवरून माझ्या ऑफिसात फोन केला होता. "ताई, छाटणी लागली का आम्ही जानार. म्हातारी एकटी कशी ऱ्हाईल? लय आबदा होईल तिची. तू ने ना तुझ्याकडं." सगळं ऑफिस कान टवकारून बसलेलं. मी "बरं, कळवते" म्हणून फोन ठेवला आणि संध्याकाळी किशोरला सांगितलं. किशोर म्हणाला, "बघू."

किशोरचं हे 'बघू' लग्नापासून मी ऐकत आले. फ्रिज घ्यायचा, बघू. मनालीला कोणत्या शाळेत घालायचं, बघू. गॅलरीला जाळी बसवायची की नाही, बघू. हा माणूस अंबडच्या कारखान्यात शंभर माणसांवर सुपरवायझर आहे म्हणतात. ती शंभर माणसं रोज काय करत असतील देव जाणे. तो नाही म्हणत नाही. कुणालाच म्हणत नाही. नाही म्हणायला कणा लागतो. तो नुसता बघत बसतो, आणि शेवटी गोष्ट अशी होते की ती जणू पावसापाण्यासारखी आपोआप झाली. अमितला पोहायच्या क्लासला घालायचं नव्हतं त्याला, हे मला ठाऊक आहे. पण तो बोलला नाही, क्लासची जागा भरून गेली आणि मग हळहळला. अशी माणसं जगात चांगली म्हणून ओळखली जातात. बिल्डिंगमध्ये सगळे म्हणतात, ललिताबाई, नशीब काढलंत. म्हणून त्या दिवशी शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी बघितल्या तेव्हाच त्याचा सगळा डाव माझ्या ध्यानात आला.

दोन्ही गाड्या बाहेरून अगदी सारख्या. तेच उंच नाक, तेच दांडगे टायर, तीच पाठीवर बांधलेली स्टेपनी. एक डिझेलवर चालणारी. तिला मधल्या सीटच्या मागे आणखी एक सीट होती, दोन माणसांची. दुसरी पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर चालणारी. बटण दाबलं की ती पेट्रोल सोडून गॅसवर जाते, पुन्हा दाबलं की माघारी येते. पण तिची मागची सीट काढून तिथे गॅसची टाकी बसवली होती. "मॅडम, गॅसवाली एकदम स्मूथ," यादव म्हणाला. "आवाज नाही, धूर नाही, व्हायब्रेशन नाही. सिटीसाठी नंबर वन. फक्त मागची सीट जाते. पण मागच्या सीटवर बसतं कोण हो? आपण तिथं सामानच टाकतो." डिझेल घेतली तर सात माणसं. गॅस घेतली तर पाच. म्हणजे किशोरला तोंड उघडायचीही गरज नव्हती. दसऱ्याला दारात गॅसची गाडी उभी राहील, तिला झेंडूचा हार घालू, आणि मग एक दिवस तो डोकं खाजवत म्हणेल, अगं, पण आईंना आता बसवायचं कुठे? मी करड्या कार्पेटचं झाकण उचलून बघितलं. आत टाकी होती, पांढरी, पोटाळ, एखाद्या आगाऊ पाहुण्यासारखी ऐसपैस बसलेली. मला हसू आलं. आईचं काय करायचं हे माझ्या नवऱ्याच्या वतीने ही टाकी सांगणार होती.

पुढचे आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. गाडी घेणारा माणूस आणि लग्नाची मुलगी बघणारा माणूस, दोघांनाही फुकट अक्कल देणारे पैशाला पासरी मिळतात. वरच्या मजल्यावरचे रावजी रोज संध्याकाळी चहाच्या वेळेला बरोबर उतरायचे. यांनी जन्मात एक स्कूटर चालवली, तीही रोज सकाळी कुशीवर आडवी करून पेट्रोल आत गेलं की लाथ मारायची. पण बोलणं असं की कारखाना यांच्या सल्ल्यावर चालतो. "किशोरराव, डिझेल म्हणजे म्हैस. खाईल पण दूध देईल. गॅस म्हणजे शेळी. दिसायला गरीब, पण कधी कुठं तोंड घालील नेम नाही." किशोर हे ऐकून खरंच विचारात पडायचा. मग रावजी दुसऱ्या दिवशी येऊन नेमकं उलटं सांगायचे, आणि किशोर तेही तितक्याच आदराने ऐकायचा. अमितने गॅसच्या टाकीचा स्फोट कसा होईल याचं चित्र काढलं. मनालीच्या मते काळा रंग सोडून बाकी सगळे रंग गावठी. मी पोळ्या लाटत ऐकायची. एकालाही वाटलं नाही की इथे एका बाईच्या हिवाळ्याचा प्रश्न आहे. पाड्यावरचा हिवाळा यांनी बघितला कुठे आहे? भिंती कुडाच्या, कुडाला फटी, आणि पहाटे विझल्या चुलीवरच्या तव्यासारखी गार पडलेली जमीन. मीही तो बघून खूप वर्षं झाली, पण मला निदान ठाऊक तरी आहे.

आईला आणायचं हे माझं ठरलेलं होतं. मी ते बोलून दाखवलं नाही, कारण बोलायचं त्यांनी. मी एकदा सांगितलं, आता बाकीच्यांच्या तोंडून यायला हवं होतं. आणि आलंही, पण कसं? एका रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "येऊ दे की विहीणबाईंना. मला तरी दिवसभर कोण आहे बोलायला? तुम्ही सगळे जाता, मी आणि टीव्ही." मग भाताचा घास चावता चावता म्हणाल्या, "आणि त्यांच्या हातची नागलीची भाकरी! किती वर्षं झाली तशी खाऊन." बघा. हेडमास्तरांची विधवा, पाच-सहा इयत्ता शिकलेली, पण मनातलं कसं बाहेर आलं. मोडल्या पायाच्या बाईला हिला गप्पांना बसवायचंय आणि तिच्याकडून भाकऱ्या थापून घ्यायच्यात. मी आमटी वाढली. मग मनाली म्हणाली, "आजीला माझ्या खोलीत झोपू दे. मला तिची भाषा शिकायचीय." इंग्रजीत पंचेचाळीस मार्क आणि हिला पाड्यावरची भाषा शिकायची आहे! हल्ली शाळेत प्रोजेक्ट देतात ना, त्याचं हे खूळ. आजीची भाषा म्हणजे हिला वारली चित्राची पिशवी वाटते, खांद्याला लावून मिरवायची. ती भाषा तोंडातून काढून टाकायला मला आश्रमशाळेत किती छड्या खाव्या लागल्या ते हिला कोण सांगणार? आज ऑफिसात नवा साहेब आला की हमखास विचारतो, तुम्ही मूळच्या पुण्याच्या का? मूर्ख असतात ही माणसं. स्वच्छ बोललं की पुणं, एवढंच यांना कळतं. मी "नाही, इथलीच" म्हणते आणि पुढची फाईल उघडते.

आई याआधी एकदा राहून गेली होती. मनाली बालवाडीत होती, म्हणजे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल. डोळ्याचं ऑपरेशन करायला आली होती आणि पट्टी निघेपर्यंत आमच्याकडे होती. तेव्हा आम्ही या बिल्डिंगमध्ये नवे होतो. तिला पलंगावर झोप यायची नाही, ती जमिनीवर गोधडी टाकायची. गॅसच्या शेगडीला हात लावायची नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "पोरी, येवढं मोठं घर, आन् चूल कुठं हाय?" सकाळ झाली की उजव्या हाताच्या बोटाने मिश्री लावत गॅलरीत उकिडवी बसायची, एका डोळ्यावर पट्टी, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारायची. दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, सगळ्यांना तिने विचारलं, तू कुठला, तुझा गाव कोणता. मी नोकरीला गेले की ती जिन्यात, आमच्या दाराबाहेर, पाय पसरून नागली निवडत बसायची. आत तिला कोंडल्यासारखं होई म्हणे. एकदा मी घरी आले तर जिन्यात वरच्या मंगलाबाई उभ्या. रावजींच्या ह्या. हातात देवाला नेतात ते तबक, कपाळाला हे एवढं कुंकू, आणि आईकडे बोट दाखवून मला म्हणतात, "बाई बरी मिळाली हो तुम्हाला. आमच्याकडे पाठवाल का, दोन वेळच्या भांड्यांना?" अशा बायकांची मला शिसारी येते. स्वतःच्या सुनेला जेवताना पाणी मागू देत नाहीत आणि दुसऱ्याच्या दारातली बाई मात्र यांना भांड्यांना हवी. मी हसले. अशा बाईशी काय बोलायचं? मी म्हटलं, "बघते, विचारते," आणि आईला आत यायची खूण केली. आई उठली, सूप उचललं, आणि आत आल्यावर मला म्हणाली, "चांगली हाय बाई. काय म्हनत व्हती?" मी म्हटलं, काही नाही, तुझ्या डोळ्याचं विचारत होत्या. पट्टी निघाली तसं बहिरूला बोलावून मी तिला एसटीत बसवून दिलं. तिलाच घाई झाली होती. शहरात तिला करमत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं.

शनिवारी ऑफिस सुटल्यावर किशोरने मला न्यायला डिझेलची गाडी आणली, चालवून बघायला म्हणून शोरूमने दिलेली. यादव पुढे बसला होता, मी मागे. गंगापूर रोडने धरणाकडे जाऊन परत यायचं असं ठरलं. सीटवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. बसलं की कुरकुरायचं आणि साडीखाली घाम धरायचा. इंजिन सुरू झालं, पायाखाली गुरगुर लागली, आणि डिझेलचा तो जुना, जड वास नाकात शिरला तसं पोटात ढवळायला लागलं. मी काच खाली घेतली. लहानपणी आम्ही ट्रकमधून जायचो. दिवाळी झाली की पाड्यावरची अर्धी माणसं मुकादमाच्या ट्रकमध्ये भरून खाली मळ्यांवर कामाला जायची, भांडी, कोंबड्या, गोधड्या, पोरं, सगळं एकत्र. सावळघाटाच्या वळणांवर मला हमखास उलटी व्हायची, आणि आई आपल्या पदराची ओंजळ करून ती धरायची, ट्रकमध्ये घाण होऊ नये म्हणून, कारण मुकादम शिव्या द्यायचा. मग तोच पदर ट्रकच्या फळीवरून बाहेर सोडून वाऱ्यावर धरायची. तिच्या मांडीत डोकं खुपसलं की धुराचा, मिश्रीचा, नागलीच्या पिठाचा आणि त्या आंबूस उलटीचा वास एकत्र यायचा, आणि त्यातच मला झोप लागायची. केवढी गाढ झोप लागायची! आता एवढ्या मोठ्या पलंगावर, पंख्याखाली, मला रात्र रात्र झोप येत नाही. गाडी धरणाच्या भिंतीशी थांबली. किशोरने मान वळवून विचारलं, "कशी वाटली?" मी म्हटलं, "धक्के बसतात." यादव घाईघाईने म्हणाला, "मॅडम, तो रस्त्याचा दोष." किशोर माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. "तोंड उतरलंय तुझं. पाणी पिशील?" असं म्हणाला. बाटली बरोबर आणली होती त्याने. अशा बारीकसारीक गोष्टींत हा माणूस पक्का असतो. मोठं काही आलं की बघू.

रविवारी पुन्हा शोरूम. सोमवारपासून पितृपक्ष, तेव्हा बुकिंग करायचं तर आजच, असं यादवने तीनदा फोन करून बजावलं होतं. आम्ही दोघंच गेलो. शोरूममध्ये जत्रा भरली होती. एक बागायतदार कुटुंब वणीहून आलेलं, म्हातारीपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळे एकाच गाडीत घुसून बसले होते आणि उतरायला तयार नव्हते, बाहेर उभा राहून त्यांचा कर्ता पुरुष मोबाईलवर कुणाला तरी ओरडून सांगत होता, "गाडीत बसलोय, गाडीत!" माणसाला चार चाकं मिळाली की आपण काहीतरी झालो असं वाटतं. मी तशीच उभी राहिले आणि ठरवलं की आज मी एक अक्षर बोलणार नाही. याने गॅसचीच घ्यावी, माझ्यादेखत घ्यावी, आणि मग मी त्याला काय ते सुनावेन. काय सुनावायचं तेही मी बसमध्ये, ऑफिसात, ओट्याशी, घोळून घोळून तयार ठेवलं होतं. तुझ्या आईला आपल्या घरात खोली आहे, देवघर आहे, टीव्ही आहे. माझ्या आईसाठी तुला एक सीट ठेवता आली नाही. हे वाक्य मला फार आवडलं होतं. ते डोक्यात आलं की डोळे आपोआप भरून यायचे.

आणि मग बघते तर किशोरचं काहीतरी भलतंच चाललं होतं. डिझेलच्या गाडीचं मधलं दार उघडून तो उजवा पाय काठीसारखा ताठ धरून आत चढायचा प्रयत्न करत होता. डावा पाय पायरीवर, एक हात दाराच्या कडेला, दुसरा हात पुढच्या सीटच्या मानेला, आणि ताठ पाय मागे हवेत. पहिल्यांदा घसरला. दुसऱ्यांदा ढुंगण आधी टेकवून, पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. वणीच्या कुटुंबातली पोरं खिदळायला लागली. बाकीची गिऱ्हाइकंही बघत होती. मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. एवढा पंचेचाळिशीचा माणूस, चारचौघांत, विदूषकासारखा! "साहेब, पायाला काय लागलं का?" यादवने विचारलं. "नाही हो," किशोर धापा टाकत म्हणाला, "सासूबाईंच्या पायात सळई आहे. गुडघ्यात वाकत नाही. त्यांना चढता येईल का ते बघत होतो. असं आधी बसलं आणि मग पाय आत घेतला तर जमतं. पण पायरी थोडी खाली हवी. आणखी एक पायरी बसवून मिळेल का? आणि इथे, आतल्या बाजूला, धरायला कडी?" यादव म्हणाला, "का नाही? करू की साहेब. आपल्या वर्कशॉपमध्येच करून देतो."

मी पुढे गेले. किशोर सीटवरून मला म्हणाला, "दोघी आया मधे बसतील, मनाली त्यांच्या शेजारी. अमित मागे. एकटाच मागे म्हटल्यावर तोही खूश. म्हणून डिझेल. आवाज करते जरा, पण सगळे मावतात." तो असं सहज बोलला की जणू हे आमचं फार दिवसांपूर्वी ठरलं होतं. मी म्हटलं, "तू तर बघू म्हणाला होतास." "हो, मग? बघतच होतो," तो म्हणाला. "एसटीत त्यांना आणता येत नाही, भाड्याच्या जीपमध्ये हाल होतील. म्हटलं गाडी आली की नीट आणू. आईची खोली मोठी आहे, तिथे दुसरी कॉट बसते, मी मापं घेतली. तुला बोललो नाही, कारण तू परत विषय काढलाच नाहीस. मला वाटलं, तुझं तुला ठरवायला वेळ हवा असेल." मग आवाज खाली करून, यादवला ऐकू जाऊ नये म्हणून, "तुझी आई आहे, ललिता. तू सांगशील तसं करू. डिझेल घेऊ ना?"

याला म्हणतात सोय. महिनाभर गप्प बसायचं, कॉटची मापं घ्यायची, भर शोरूममध्ये लंगडून दाखवायचं, आणि शेवटी सगळं उचलून बायकोच्या पदरात टाकायचं. तू सांगशील तसं. मी तयार ठेवलेलं ते वाक्य तोंडात नुसतंच फिरत राहिलं, ते आता कुणाला म्हणायचं? मला आमचा जिना दिसला. जिन्यात पसरलेले पाय, एक ताठ, एक वाकडा. मिश्रीची पिचकारी गॅलरीच्या कठड्यावर. दूधवाल्याला हाक. मंगलाबाई वरून उतरताना, थांबताना. ऑफिसातली माणसं घरी पूजेला, वाढदिवसाला आलेली, आणि आई मधोमध बसून त्यांना विचारते आहे, तुमचा गाव कोणता, आन् मला म्हणते आहे, पोरी, ह्यांना भाकर दे. हे आठ दिवस नाही. हे उन्हाळ्यापर्यंतही नाही. मोडलेलं हाड म्हातारपणी पहिल्यासारखं होत नाही. कडी बसवली, पायरी बसवली, कॉट बसवली की ती कायमची. किशोर वाट बघत होता. यादव पेन काढून वाट बघत होता. पोरं खिदळायची थांबली होती.

"गॅसची घेऊ," मी म्हणाले.

"गॅसला मागची सीट नाही."

"माहीत आहे मला."

"मग आई?" किशोर अजून तसाच बसला होता, पाय ताठ धरून; वाकवायचा राहून गेला होता.

"मुलगा आहे ना तिला," मी म्हणाले. माझा आवाज अगदी स्वच्छ होता. "तो बघेल. दिंडोरीला घेऊन जाईल नाहीतर शेजारी कुणाला सांगेल. आई लेकीच्या घरी राहायला येत नाही. बरं दिसत नाही ते. आमच्यात तशी पद्धत नाही."

किशोरने माझ्याकडे बघितलं. तोही आमच्याच जातीचा, आमच्याच डोंगरातला. फक्त त्याच्या वडिलांनी एक पिढी आधी तो सोडला. "आमच्यात म्हणजे कुणाच्यात?" तो हळूच म्हणाला. "आपल्यात कुठे आहे असं? तुझे वडील घरजावई होते, ललिता. तुझी आजी मरेपर्यंत तुझ्या आईजवळच होती. हे तर मंगलाबाईंच्यातलं आहे."

यादव टायशी चाळा करत छताकडे बघत होता. त्याला सगळं ऐकू जात होतं आणि तो ऐकत नसल्याचं नाटक करत होता, तेही धड जमत नव्हतं. मी त्याला विचारलं, "गॅसमध्ये रंग कोणते आहेत तुमच्याकडे?" तो एकदम जिवात जीव आल्यासारखा बोलायला लागला. सिल्व्हर आहे मॅडम, मरून आहे, व्हाईट तर लगेच मिळेल. मी म्हटलं, सिल्व्हर. किशोर गाडीतून उतरला. दार लावलं. त्या दाराचा आवाज मोठा आला म्हणून त्याने पुन्हा हात ठेवून ते नीट लागलंय का बघितलं. मग म्हणाला, "बरं."

एवढंच म्हणाला. मी थांबले. मला वाटलं, आता हा ओरडेल. आता म्हणेल, डिझेलचीच घेणार आणि तुझ्या आईला मी स्वतः जाऊन उचलून आणणार, तुला काय करायचं ते कर. शोरूमभर लोक होते, तरी चाललं असतं. मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं, घरी जाऊन कॉट पुसली असती, गोधड्या उन्हात घातल्या असत्या. जन्मभर या माणसाने कुणाला नाही म्हटलं नाही. पण त्या दिवशी, माझ्यासाठी, एकदा तरी त्याने नाही म्हणायला हवं होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. त्याने खिशातून चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि यादवने बोट ठेवलं तिथे सही केली.